मत्स्यगंधेचा गंध

महाभारताच्या आदिपर्वांत एक लहानशी गोष्ट आहे. उपरिचर वसु राजाच्या काळीं एक मासळी कोळ्यांच्या जाळ्यांत सांपडली आणि तिच्या पोटांतून एक मुलगा व एक मुलगी अशीं दोन अर्भकें निघालीं. राजानें मुलास आपल्याजवळ ठेविलें. तो पुढें मत्स्य नांवाचा राजा झाला. मुलीच्या अंगास मात्र माशाचा वास येत होता, म्हणून ती कोळ्याच्या स्वाधीन करण्यांत आली. हीच सत्यवती. बापासाठीं ती यमुनेवर नाव चालवीत असे. पुढें पराशर ऋषींच्या वरानें तिच्या अंगचा वास जाऊन त्याच्या जागीं सुगंध आला, मत्स्यगंधेची योजनगंधा झाली, आणि त्या सुगंधाच्या मागानें शंतनु राजा तिच्यापर्यंत येऊन पोंचला.

ही कथा आपण सर्वांनीं ऐकलेली असते. परंतु तिच्यांतील एका बाबीकडे सहसा लक्ष जात नाहीं. एकाच पोटीं जन्मलेल्या दोघांपैकीं मुलगा राजवाड्यांत राहिला आणि मुलगी नदीवर गेली. आणि त्या मुलीलाही पुढें राजवाड्याचें दार उघडलें तें तिचा वास गेल्यावर. हा वास म्हणजे काय? तें तिचें कुळ आहे आणि तिचें काम आहे. आमच्या मतें, मासळीवर जगणाऱ्या स्त्रीला आपल्या कलेनें जें स्थान दिलें त्याचा बहुतेक सारा इतिहास या एका वरांत सामावलेला आहे. चित्रकारानें, छायाचित्रकारानें, नाटककारानें तिला आंत घेतलें खरें. पण वास दाराबाहेर ठेवून घेतलें. तो वास, म्हणजे तें काम, तें घराणें आणि त्या घराण्याच्या खऱ्याखोट्या समजुती, कलेंत परत आणण्याचा प्रयत्न अगदीं अलीकडे सुरू झाला आहे. त्या प्रयत्नाचें मोल कळावें म्हणून समुद्रकांठापासून नव्हे, तर समुद्रापासून शेकडों किलोमीटर आंत असलेल्या यवतमाळ जिल्ह्यापासून आरंभ करणें आम्हांस इष्ट वाटतें. कारण जिला कलेनें सुगंधाचाही वर दिला नाहीं, अशी मासेमार स्त्री तेथें आहे.

यवतमाळ म्हटलें कीं डोळ्यांपुढें कापूस उभा राहतो, आणि तें स्वाभाविकही आहे. १८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आलें; १८६४ सालीं त्याच्या आग्नेय भागाचा निराळा जिल्हा झाला; तो वणी जिल्हा म्हणून ओळखला जात असे. १९०५ सालच्या फेररचनेंत त्यास पुसद तालुका जोडला गेला आणि यवतमाळ जिल्हा हें नांव रूढ झालें. या सर्व काळांत सरकारी दप्तराचें लक्ष काळ्या जमिनीकडे, कापसाच्या गांठींकडे आणि शेतसाऱ्याकडे होतें. परंतु नकाशा उघडून पाहिला तर हा जिल्हा दोन मोठ्या नद्यांच्या कुशींत वसलेला आहे असें दिसून येईल. ईशान्येस वर्धा, दक्षिणेस पैनगंगा. मधल्या उंचवट्यावरून पूस, अरुणावती, अडाण, बेंबळा, निर्गुडा अशा नद्या त्या दोहोंकडे उतरत गेलेल्या. आणि वणी तालुक्यांत जुगादपाशीं पैनगंगा वर्धेस मिळते.

या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगत आलेले लोक म्हणजे भोई, ढीवर, कहार, केवट. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांतांतील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्या वेळीं वऱ्हाड मध्यप्रांतास जोडलेलें होतें. त्या ग्रंथांत या मंडळींची गणना मासे धरणारे व पालखी वाहणारे अशी केलेली आहे. आणि पाणक्याचें काम त्यांच्याकडे असल्यामुळें त्यांच्या हातचें पाणी वरच्या जातींस चालत असे, हेंही नमूद आहे. ज्यांच्या हातचें पाणी घरांत चाले, त्यांच्याच हातच्या मासळीचें नांव काढतांच नाक मुरडलें जाई, हा विरोध लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

तथापि ‘मासे धरणारा, पालखी वाहणारा’ ही व्याख्या पुरुषाची झाली. जाळें पाण्यांत पडण्यापूर्वीं आणि पाण्यांतून वर आल्यानंतर जें काम होतें, त्यांतील मोठा वांटा बायकांचा. पूर्वीं सण-अंबाडीच्या दोऱ्याचीं जाळीं असत. वाख सोडविणें, त्याचें सूत वळणें, फाटलेलें जाळें सांधणें या घरच्या कामांत बायकांचा, म्हाताऱ्यांचा, मुलांचा हात लागे. उथळ पाण्यांत उतरून टोपल्यानें किंवा नुसत्या हातांनीं झिंगे आणि बारीक मासळी धरणें हें बायकांचें. मासळी निवडणें, साफ करणें, उरलेली उन्हांत वाळविणें, आणि टोपलें डोक्यावर घेऊन गांवोगांव व आठवड्याच्या बाजारीं ती विकणें हेंही बायकांचें. एवढ्यावर हें काम संपत नाहीं. मासळीचा हात आंखडला म्हणजे भट्टी पेटवून फुटाणे-मुरमुरे भाजावयाचे. उन्हाळ्यांत पात्र आटलें म्हणजे नदीच्या वाळूंत टरबूज-डांगरांच्या वाड्या लावून त्यांस घागरीनें पाणी घालावयाचें. तळें हातीं असेल तर शिंगाडे काढावयाचे. थोडक्यांत, नदी वर्षभर ज्या ज्या रूपानें येते त्या त्या रूपास भोयाच्या घरची बाई निराळ्या उद्योगानें सामोरी जाते. मरळ किंवा वाम यांसारखी थोराड मासळी घरधन्याच्या पराक्रमांत जमा होई. चुलीवर रोज जी शिजे ती बारीक मासळी मात्र कोणाच्याच हिशेबीं नसे.

ही गोष्ट एकट्या यवतमाळची नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें अलीकडे जगाचा जो हिशेब मांडला आहे, त्याप्रमाणें प्रत्यक्ष मासे धरणाऱ्यांत व मत्स्यशेतींत स्त्रिया सुमारें एकपंचमांश भरतात. परंतु मासळी धरण्याच्या आधींचीं आणि नंतरचीं कामें धरलीं तर हें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर जातें. म्हणजे पाण्याकडे तोंड करून मोजणी केली तर स्त्री दिसत नाहीं. कांठाकडे तोंड वळवून केली तर दिसते. प्रश्न मोजणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेचा आहे.

आतां समजुतींकडे वळूं. पैनगंगेच्या किंवा वर्धेच्या कांठानें चालत गेलें असतां डोहापाशीं, उताराच्या वाटेवर, एखाद्या जुन्या विहिरीच्या कडेला शेंदूर माखलेले सात दगड ओळीनें मांडलेले आढळतात. शेजारीं पुष्कळदां म्हसोबा असतो. या सात आसरा. आसरा हा शब्द अप्सरा या शब्दावरून आला असें मानतात. यांचीं मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा आणि मकरी अशीं सात नांवें सांगण्यांत येतात. मासा, कांसव, खेंकडा, बेडूक, मगर हे पाण्यांतले प्राणी त्यांत ओळखूं येतात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या १९६२ सालच्या ग्रंथांत महाराष्ट्रांतील मातृदेवतांचा मागोवा घेतांना या जलदेवतांची दखल घेतली आहे. आणि अॅन फेल्डहाउस या विदुषीनें महाराष्ट्रांतील नद्यांच्या धार्मिक अर्थांवर १९९५ सालीं जें पुस्तक लिहिलें, त्यांत नदी आणि स्त्रीत्व यांचें नातें सांगतांना आसरांचा विस्तारानें विचार केला आहे. त्यांस हळदकुंकू वाहतात, हिरव्या बांगड्या देतात, ओटी भरतात. म्हणजे एखाद्या माहेरवाशिणीचें जें करावयाचें तेंच पाण्याचें करतात.

परंतु या माहेरवाशिणी कोपिष्ट आहेत. बाळंतिणीनें, पाळींतल्या बाईनें, भर दुपारीं एकटीनें डोहाकडे जाऊं नये, गेल्यास आसरा लागतात, अशी समजूत आहे. मासेमार घराण्यांत अनेक ठिकाणीं याला जोडूनच आणखी निर्बंध येतात: बाईनें जाळें ओलांडूं नये, पाळींत जाळ्यास शिवूं नये, जाळें घेऊन निघालेल्या माणसास रिकाम्या घागरीनें आडवें जाऊं नये. सुशिक्षित मनुष्य या सर्वांस एकच ‘अंधश्रद्धा’ हा शब्द लावून मोकळा होतो. आम्हांस तसें करणें बरोबर वाटत नाहीं. कारण या समजुती एका जातीच्या नाहींत. डोहाचें भय हें अनुभवाचें भय आहे. जेथें वर पाणी शांत आणि तळाशीं ओढ असते, तेथें सात दगड मांडणें म्हणजे अक्षरशत्रु माणसांनीं पुढच्या पिढीसाठीं लावलेली धोक्याची पाटी होय. पण जाळें ज्या बाईनें सांधलें तिनेंच तें ओलांडूं नये, या नियमांत पाण्याचें ज्ञान कोठेंच नाहीं. त्यांत मालकी कोणाची याचा निवाडा आहे. पहिल्या समजुतींत माणूस वांचतो, दुसरींत बाईचा वांटा बुडतो. आणि तिसरा प्रकार याहून वाईट: बाळंतीण तापानें फणफणली असतां ‘आसरा लागल्या’ म्हणून दवाखान्याऐवजीं मांत्रिकाकडे नेणें. महाराष्ट्रानें २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा केला तो अशा अघोरी उपायांना आळा घालण्यासाठींच. तेव्हां घराण्याच्या परंपरेची पारख करावयाची ती सरसकट नव्हे, तर दगडागणिक करावी लागते.

यवतमाळच्या बाजारांत ज्या ओळींत नदीची मासळी घेऊन भोईणी बसतात, तिच्याच शेजारीं सुकट आणि बोंबील यांचे ढीग दिसतात. १८६७ सालीं मुंबईची रेल्वे वऱ्हाडांतून नागपुरास पोंचली, तेव्हांपासून कोंकणचा माल या मुलखांत येण्याची वाट सुकर झाली. हा बोंबील कोणी वाळविला? वर्सोवा, वसई, पालघर या किनाऱ्यांवर बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते त्यांवर टांगतात. जवळा जमिनीवर पसरून वाळवितात. हें काम कोळणींचें. म्हणजे ज्या दोन बायकांनीं एकमेकींस कधीं पाहिलें नाहीं, त्यांची मेहनत यवतमाळच्या बाजारांत एकमेकींस लागून मांडलेली असते. या वाळलेल्या माशाच्या वाटेनें आपणही समुद्रावर जाऊं.

किनाऱ्यावर कामाची वांटणी अधिक ठळक आहे. समुद्र पुरुषाचा, बाजार बाईचा. होडी धक्क्यास लागली कीं मासळी कोळणीच्या ताब्यांत येते. भाव ती करते, उधारी ती ठेवते, पैसा तिच्या कमरेच्या बटव्यांत राहतो. विजया पुणेकर यांनीं मुंबईच्या सोनकोळ्यांवर १९५९ सालीं प्रसिद्ध केलेला ग्रंथ या समाजाच्या चालीरीतींचा एक शिस्तबद्ध अभ्यास आहे, आणि तो एका स्त्रीनें केलेला आहे हें येथें मुद्दाम सांगावेंसें वाटतें. कोळी समाजाच्या समजुतींतही तोच दुहेरी प्रकार दिसतो. आषाढ लागला कीं होड्या वर ओढावयाच्या आणि नारळी पौर्णिमेस दर्यास नारळ अर्पण केल्याशिवाय पाण्यांत लोटावयाच्या नाहींत, हा नियम जुना. हे दिवस खवळलेल्या समुद्राचे आणि पुष्कळ जातींच्या मासळीच्या विणीचे. सरकारनें पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीस बंदी घातली, ती या जुन्या धार्मिक नियमाच्याच वाटेनें. उलट जुना नियम कित्येकदां अधिक कडक, कारण नारळी पौर्णिमा बहुधा ऑगस्टांत येते. ही समजूत ज्ञानाची. पण समुद्रावर जाणाऱ्या होडींत बाईनें पाय ठेवणें अशुभ, ही दुसरी समजूत त्याच घरांत नांदत आली आहे. तिनें होडी बाईच्या हातीं जाऊं दिली नाहीं; आणि पुढें यांत्रिक नौकांसाठीं कर्जें, सवलती आल्या त्या साहजिकच होडीच्या मालकाकडे गेल्या.

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर याचा एक चमत्कारिक दाखला आढळतो. तेथेंही होडीकडे निघालेल्या कोळ्यास वाटेंत बाई भेटणें अपशकुनाचें मानीत. आणि त्याच किनाऱ्यावर, पुरुषांचे पाय दिवसभर ओले राहूं नयेत म्हणून, त्यांच्या बायका त्यांना पाठुंगळीं घेऊन थंड पाण्यांतून होडीपर्यंत पोंचवीत. जी भेटली तर अपशकुन, तिच्याच पाठीवर बसून होडींत चढावयाचें! समजुतीचा आणि कामाचा हिशेब असा जुळतां जुळत नाहीं. आणि जेथें तो जुळत नाहीं तेथेंच कलेस काम असतें.

मग कलेनें काय केलें? राजा रविवर्म्यानें १८८८ नंतरच्या कांहीं वर्षांत बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठीं जीं पौराणिक चित्रें रंगविलीं, त्यांत शंतनु आणि मत्स्यगंधा हें एक आहे. शिळाप्रेसच्या युगांत त्याच्या चित्रांनीं घराघरांतील भिंती भरून काढल्या, आणि पुराणांतील स्त्रिया कशा दिसत असाव्यात हें आपल्या आजी-पणजींना त्या चित्रांनीं शिकविलें. त्यांतील मत्स्यगंधा वर मिळाल्यानंतरची आहे. तिच्याकडे पाहून मासळीची आठवण होत नाहीं. याच्या आधीं विल्यम जॉन्सन या छायाचित्रकारानें मुंबईच्या रहिवाशांचा दोन भागांचा चित्रसंग्रह लंडनला १८६३ व १८६६ सालीं काढला. त्यांत जातीजातींच्या मंडळींबरोबर कोळीही आहेत. जॉन्सनची रीत अशी कीं, माणसांची छबी एके ठिकाणीं घ्यावयाची आणि तिच्या मागें निराळ्याच दृश्याची पार्श्वभूमी जोडावयाची. रीत कामचलाऊ होती. पण तिचा अर्थ मोठा आहे. माणूस त्याच्या जागेवरून उचलला कीं तो ‘नमुना’ होतो. कोळीण आपल्या टोपलीसकट नमुना झाली. पुढें महादेव विश्वनाथ धुरंधरांनीं ऑटो रॉथफील्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या १९२० सालच्या पुस्तकासाठीं हिंदुस्थानांतील नाना प्रांतांच्या व जातींच्या स्त्रिया रंगविल्या. धुरंधरांची रेषा जिवंत, नजर प्रेमळ. परंतु पुस्तकाची योजनाच वेषभूषेची, त्यामुळें पाहणाऱ्याची दृष्टि लुगड्याच्या कासोट्यावर थांबते, हातावरच्या खवल्यांपर्यंत पोंचत नाहीं.

पाश्चात्त्य देशांतही प्रथम असेंच झालें, परंतु तेथें एक वळण लौकर आलें. अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर १८८१ सालीं इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील कलरकोट्स नांवाच्या मासेमार गांवीं गेला आणि १८८२ च्या अखेरीपर्यंत तेथेंच राहिला. या मुक्कामांत त्यानें जाळीं सांधणाऱ्या, टोपल्या वाहणाऱ्या, वादळांत कांठावर उभ्या राहून होड्यांची वाट पाहणाऱ्या बायका रंगविल्या. तो तेथें राहिला, म्हणून त्याला काम दिसलें. चित्रविषय व्हावयाचा असेल तर चित्रकारानें किती दिवस राहावें, याचें उत्तर त्याच्या चित्रांत मिळतें.

आपल्याकडे हें वळण ज्यांनीं घेतलें त्यांत बी. प्रभा यांचें नांव पुढें येतें. त्यांचा जन्म १९३३ सालीं नागपूरजवळील बेला या खेड्यांत झाला. म्हणजे यवतमाळशीं त्यांचें नातें शेजारच्या मुलखाचें. नागपुरास आरंभीचें शिक्षण घेऊन त्या मुंबईस सर ज. जी. कलाशाळेंत गेल्या, आणि शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशीं विवाह करून मुंबईतच राहिल्या. समुद्र न पाहतां वाढलेल्या या वैदर्भीय स्त्रीनें कोळीण हा आपला ध्यासविषय करावा, ही आमच्या कलेच्या इतिहासांतील अर्थपूर्ण घटना आहे. उंच ताणलेल्या माना, लांबट देह, मिटत आलेले डोळे, पुष्कळदां एकाच रंगाचा सर्व चित्रपटावर अंमल, आणि मांडीजवळ किंवा डोक्यावर टोपली: त्यांची कोळीण एकदां पाहिली कीं विसरत नाहीं. तिच्यांत नाच नाहीं, नखरा नाहीं. ओझें वाहणाऱ्या बाईला मन असतें, आणि तें मन थकतें, हें त्यांनीं दाखविलें. एअर इंडिया कंपनीनें त्यांचीं चित्रें आपल्या संग्रहासाठीं घेतलीं आणि ही थकलेली स्त्री थोर संगतींत जाऊन बसली. २००१ सालीं बी. प्रभा निवर्तल्या. त्यांच्याविषयीं पूर्ण आदर ठेवून एवढेंच म्हणावेंसें वाटतें कीं, त्यांच्या चित्रांत ओझें दिसतें, तरी काम पुरतें दिसत नाहीं. भाव करणारी, भांडणारी, हिशेब ठेवणारी, दर्याला नारळ देणारी आणि होडींत पाय न ठेवणारी ती बाई त्या निळ्या-करड्या शांततेंत हरवते. वासाच्या जागीं तेथें सुगंध नाहीं. पण शोक आहे.

रंगभूमीनें तर वराचीच बाजू घेतली. वसंत कानेटकरांचें ‘मत्स्यगंधा’ हें संगीत नाटक १९६४ सालीं आलें आणि पंडित जितेंद्र अभिषेकींच्या संगीतानें तें मराठी घरांत कायमचें राहिलें. त्यांतील सत्यवती मानी आहे, दुखावलेली आहे. पण ती राजकुळाच्या शोकांतिकेची नायिका आहे, मासळीच्या बाजारची नव्हे. आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांतील कोळीनृत्यांविषयीं काय बोलावें? वऱ्हाडांतल्या शाळांतूनही तीं होतात. पुठ्ठ्याचीं वल्हीं हलतात, चकाकत्या टोपल्या मिरवतात. पैनगंगेच्या कांठच्या भोयाची मुलगी तें पाहत बसलेली असते. आणि आपल्या घरींही टोपली आहे, नाव आहे, हें तिच्या ध्यानांत येऊं नये इतकी ती टोपली निराळी असते.

खरा पालट झाला तो चित्रविषयच चित्रकार झाला तेव्हां. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यांतील शिल्पकार पराग तांडेल हे कोळी घराण्यांतले. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, ही त्या नांवाचीच साक्ष. त्यांनीं आणि त्यांच्या पत्नी कादंबरी यांनीं मिळून ‘तांडेल फंड ऑफ आर्काइव्ह्ज’ नांवाचा उपक्रम उभारला आहे. कोळी समाजाच्या वस्तु, आठवणी, बोली, खाद्यपद्धति यांचा संग्रह करून तो लोकांपुढें नेणारें एक फिरतें संग्रहालयच तें. येथें कलेची व्याख्या बदलते. मासळीचा आकार शिल्पांत येतो तो शोभेसाठीं नव्हे. जी खाडी आटली, जी मासळी आतां मिळत नाहीं, तिचें नांव लोकांच्या तोंडीं राहावें म्हणून येतो. घरच्या बाईचें पाकज्ञान येथें साक्षीचा पुरावा ठरतें, कारण कोणत्या महिन्यांत कोणती मासळी येत असे हें इतिहासकाराच्या कागदांत नसतें, तें चुलीपाशीं असतें. आणि देवदेवतांच्या समजुती येथें हंसण्यासाठींही नाहींत व मिरविण्यासाठींही नाहींत. त्या घराण्याच्या चोपडींतल्या नोंदींप्रमाणें वाचल्या जातात. मत्स्यगंधेचा वास येथें परत आलेला आहे.

पण हें मुंबई-ठाण्याच्या कोळीवाड्यांस साधलें; यवतमाळच्या नदीकांठास अद्याप साधावयाचें आहे, आणि वेळ फार उरलेला नाहीं. पैनगंगेवर इसापूरचें धरण झालें. पूस, अरुणावती, अडाण, बेंबळा या नद्याही अडल्या. धरणांनीं शेताला पाणी दिलें आणि मासेमारीला विस्तीर्ण जलाशयही दिले, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु नदी आणि जलाशय यांत मासेमाराच्या दृष्टीनें महदंतर आहे. पहिल्या पुराबरोबर मासे वर चढतात आणि अंडीं घालतात. ते चढणीचे मासे केव्हां, कोणत्या ओढ्यानें येणार याचें ज्ञान घराण्यांतून घराण्यांत येत असे. कटला, रोहू, मृगळ हे मासे तर सांचलेल्या पाण्यांत आपण होऊन वीत नाहींत. १९५७ सालीं डॉ. हिरालाल चौधरी यांनीं संप्रेरकाच्या टोंचणीनें त्यांस वीण करावयास लाविलें, आणि तेव्हांपासून मत्स्यबीज ही विकत आणून सोडावयाची वस्तु झाली. बीज विकत, जाळें नायलॉनचें विकत, जलाशयाचा ठेका सहकारी संस्थेच्या नांवें, आणि संस्थेच्या सभासदांत पुरुषांचाच भरणा. ज्या बाईचें काम घरांत होतें, उथळ ओढ्यांत होतें, वाळूंतल्या वाडींत होतें, तिच्या पायाखालचा कांठच पाण्याखालीं गेला. आसरांचे जुने दगड कित्येक ठिकाणीं त्याच पाण्याखालीं गेले असतील.

येथें जें पणाला लागलें आहे तें एखाद्या लोककलेचें कौतुक नव्हे. संस्थेच्या यादींत नांव यावयाचें असेल तर हें काम आपल्या आजीपासून चालत आलें आहे असें त्या बाईस दाखवितां आलें पाहिजे. आणि जें कोणीं लिहिलें नाहीं, काढलें नाहीं, मांडलें नाहीं, तें दाखवितां येत नाहीं. वऱ्हाडांत संशोधनाची परंपरा नाहीं असें नव्हे. यवतमाळच्या शारदाश्रमांत डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांनीं महानुभावांच्या पोथ्या जमविल्या आणि विदर्भाच्या इतिहासाचें दालन उघडून दिलें. जी निष्ठा पोथीला मिळाली, ती जाळ्याला, फुटाण्याच्या भट्टीला, डांगराच्या वाडीला आणि सात दगडांना मिळावी, एवढीच आमची अपेक्षा आहे. शाळेंतील मुलामुलींनीं आपल्या आजीस विचारून नदीची, माशांची, घाटांची नांवें लिहून काढावींत. चित्रकलेच्या शिक्षकानें ताटव्यांतल्या फुलांऐवजीं एखादें दिवस सांधलेल्या जाळ्याची गांठ काढावयास सांगावी. आणि ही सामग्री जमली म्हणजे तींतून कोणती समजूत ज्ञानाची आणि कोणती बाईच्या वांट्यावर बसलेली, याची निवड त्या घरच्या शिकलेल्या लेकींनींच करावी. ती निवड बाहेरच्यांनीं केली तर पुन्हां नमुनाच तयार होईल.

पराशरांच्या वरानें सत्यवतीला राणीपद मिळालें, हें खरें. पण तिच्या बापानें, त्या कोळ्यांच्या मुखियानें, शंतनूस अट घातली तेव्हां त्यानें आपल्या कुळाचा संकोच केला नाहीं. कोळिणीचाच मुलगा सिंहासनावर बसेल असें वचन घेतल्याशिवाय त्यानें मुलगी दिली नाहीं. वास लपवून मान मिळवावा ही ऋषींची युक्ति होती. कुळ सांगून हक्क मागावा ही कोळ्याची. आपल्या कलेनें आजवर पहिलीचाच मार्ग धरला. यवतमाळच्या नदीकांठानें दुसरीचा धरावा.